बोर्डो, अण्णा आणि मी

मी मिशेरी लावायला लागलोय, असा सध्या माझ्या सासुरवाडीचा समज आहे. कारण एक फोटो. जॉर्जियात, तेलावीजवळच्या एका तळघराच्या दारात मी ग्लास उंचावून उभा आहे, तोंडभर हसतोय आणि पुढचे आठही दात जांभळट काळे. बायकोला मी तो कौतुकानं पाठवला, तिनं आणखी कौतुकानं फॅमिली ग्रुपवर टाकला. तासाभरात मावससासूबाईंचा प्रश्न आला : ‘जावईबापूंनी हे कधीपासून धरलं?’ त्याखाली साडूनं हसून रडणारे पिवळे चेहरे ओळीनं लावले. मी खुलासा केला, की हा एका द्राक्षाचा रंग आहे. त्यावर कोणीच काही लिहिलं नाही. खुलाशानंतर जी शांतता पसरते, ती आरोपापेक्षा वाईट.

द्राक्षाचं नाव सापेरावी. आणि दातांचं एक वेळ जाऊ द्या, दात घासून निघतात. माझा राग वेगळा आहे. तो राग निफाडकडच्या एका माळकरी माणसावर आहे, ज्यानं त्या दिवशी वाइनचा एक थेंबही घेतला नाही.

पक्या, सुध्या आणि मी शाळेपासूनचे मित्र. पक्याची भाची जॉर्जियाच्या राजधानीत, तिबिलिसीला एमबीबीएस करते. तिबिलिसीत आपल्याकडची इतकी पोरं डॉक्टर व्हायला गेली आहेत, की बसथांब्यावर मराठीत शिवी द्यायची तर आधी आजूबाजूला बघावं लागतं. भाचीला भेटणं होईल, युरोपच्या मानानं स्वस्त पडेल आणि वाइन मिळेल, अशा तीन कारणांनी आम्ही एका टूरचे पैसे भरले. तिसरं कारण माझं. पक्याचा वाइनबद्दलचा प्रश्न एकच असतो : ‘चढते का?’ सुध्याचं उत्तरही एकच असतं : ‘स्मूद आहे.’ त्याला दहीसुद्धा स्मूद लागतं. त्यामुळे आमच्यातला जाणकार मी, हे न बोलता ठरलेलं होतं.

आणि मी ते फुकटात मिळवलेलं नाही. एका तारांकित हॉटेलात रविवारची सकाळ घालवून, रीतसर फी भरून मी वाइन चाखायला शिकलोय. ग्लास देठाला धरायचा, तिरका करून पांढऱ्या कागदावर रंग बघायचा, फिरवायचा, नाक खुपसायचं, मग घोट. टॅनिन म्हणजे काय, त्याचा तुरटपणा हिरड्यांवर कुठे जाणवतो, हे मला कळतं. माझ्याकडे एक वहीसुद्धा आहे. या ज्ञानाचा पुण्यात काय उपयोग होतो, ते मात्र विचारू नका. हॉटेलात ग्लासभर रेड वाइन मागवली, की वेटर आधी मॅनेजरकडे बघतो. मग कुठल्यातरी कपाटातून, बहुतेक तंदूरच्या शेजारच्या, एक उघडी बाटली निघते. ती कधी उघडली हे विचारायची सोय नसते, कारण ज्यानं उघडली तो नोकरी सोडून गेलेला असतो. रेड वाइन रूम टेंपरेचरला प्यायची, असं कोणीतरी कधीतरी सांगून ठेवलंय. पण ती रूम फ्रान्समधली. एप्रिलमधल्या पुण्यातल्या रूमचं टेंपरेचर अडतीस असतं आणि त्या टेंपरेचरला शिराझचा काढा होतो. घोटभर प्यालं की सर्दी जाते.

आता विषय निघालाच आहे तर सांगतो, माझ्याकडे आजन्म परवानाही आहे. आपल्या राज्यात १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार दारू प्यायला परवाना लागतो. एका दिवसाचा पाच रुपयांत मिळतो, आयुष्यभराचा हजारात. मी हजार भरले. आजवर एकाही माणसानं तो बघायला मागितला नाही. ज्या राज्यात नाशिकसारखा द्राक्षांचा जिल्हा आहे, तिथं जानेवारी २०२२ मध्ये सुपरमार्केटात वाइन विकू द्यायचं सरकारनं ठरवलं, तर वाइन म्हणजे दारू की नाही यावर अख्खा महाराष्ट्र भांडत बसला. निर्णय बारगळला. भांडणात वाइन प्यालेला माणूस एकही नव्हता, हे मी शपथेवर सांगतो. आम्हाला कोणी विचारलंच नाही.

तर अशी सगळी दाबून ठेवलेली विद्या घेऊन मी काखेतीला निघालो होतो. काखेती म्हणजे जॉर्जियाचा पूर्वेकडचा द्राक्षमुलूख. उत्तरेला कॉकेशसची बर्फाची भिंत, खाली अलाझानी नदीचं खोरं आणि नजर जाईल तिकडे बागा. सप्टेंबर संपत आला होता, तोडणी सुरू होती. देशात द्राक्षाची पाचशेवर स्थानिक वाणं आहेत. तिबिलिसीच्या दक्षिणेला गादाच्रिली गोरा आणि शुलावेरी गोरा नावाच्या टेकाडांवर उकरलेल्या खापरांत वाइनचे अंश सापडले, ते इसवीसनापूर्वी सहा हजारच्या सुमाराचे. हे संशोधन २०१७ साली प्रसिद्ध झालं. म्हणजे आठ हजार वर्षांची परंपरा. हे सगळं मी बसमध्ये मित्रांना सांगत होतो. सुध्या झोपला होता. पण पुढच्या सीटवरून एक मान वळली.

‘‘आठ हजार वर्षं? आणि एकरी किती टन काढतात?’’

हे अण्णा. टूरमध्येच होते, पण दोन दिवस आमचा संबंध नमस्कारापुरता होता. पांढरा शर्ट, त्यावर मुलानं घेऊन दिलेलं फुगीर जॅकेट, पायात स्पोर्ट्स शूज, गळ्यात तुळशीची माळ. निफाडजवळ सहा एकर बाग. थॉमसन आणि शरद या वाणांची. सोबत अक्का. अक्कांच्या मांडीवर चिवड्याचा डबा, तो जेवणाच्या वेळा सोडून सतत उघडा. तिबिलिसीत टेकडीवरचा ‘जॉर्जियाची माता’ म्हणतात तो भव्य पुतळा आम्हाला दाखवला. एका हातात मित्रासाठी वाइनचा वाडगा, दुसऱ्या हातात शत्रूसाठी तलवार. सगळे फोटो काढत होते, तेव्हा अण्णांनी विचारलं होतं, ‘‘वाडगा कितीचा असेल? दहा लिटर?’’ मी तेव्हाच सावध व्हायला हवं होतं.

पहिली वायनरी म्हणजे एका कुटुंबाचं घर होतं. पुढे घर, मागे बाग, मध्ये तळघर. मालक साठीचे, मिशा भरघोस, हाताचे पंजे कुदळ धरून धरून रुंद झालेले. त्यांना जॉर्जियन आणि रशियन येत होतं. आमच्या टूरवाल्या गाइडला इंग्रजी येत होतं, पण तो तिथं पोहोचताच कुठंतरी नाहीसा झाला, तो जेवायलाच उगवला. म्हणून दुभाषाचं काम पक्याच्या भाचीकडे आलं. पोरगी लातूरची, चौथ्या वर्षाला, जॉर्जियन झकास बोलते. तिला एकच अडचण होती. तिचं सगळं जॉर्जियन रुग्णालयात शिकलेलं होतं.

मालक आम्हाला थेट टेबलाकडे नेत होते. टेबलावर ग्लास मांडलेले दिसत होते. मी वही काढली. तेवढ्यात मागून अण्णांचा आवाज आला, ‘‘ताई, त्यांना म्हणावं, आधी बाग दाखवा.’’

आणि मालकांचा चेहरा उजळला. त्यांनी टेबलाकडे पाठ फिरवली.

पुढचा पाऊण तास मी उन्हात उभा होतो. अण्णा ओळीत शिरले ते कॉकेशसकडे ढुंकूनही न बघता. त्यांनी खांब हलवून पाहिला, तार बोटानं वाजवून पाहिली, ओलांड्यावर हात फिरवला, खाली बसून खुंट बघितला. मग एक घड तळहातावर घेतला. लहान मणी, गच्च काळे, वर पांढरी लव. अण्णांनी एक मणी अंगठा आणि तर्जनीत धरून माप घेतलं आणि माझ्याकडे बघितलं. का कोण जाणे, जणू तो माल मी पिकवला होता.

‘‘अठरा एमएमच्या खाली आहे, साहेब. आपल्याकडं व्यापारी गेटच्या आत येणार नाही.’’

‘‘अण्णा, ही वाइनची द्राक्षं. लहानच लागतात. सालीचं प्रमाण जास्त हवं असतं,’’ मी म्हणालो. चांगलं वाक्य होतं. वहीत होतं.

अण्णांनी ते ऐकलंही नसावं. त्यांनी मणी चिमटला. त्यातून जो रस निघाला तो त्यांच्या मनगटावरून ओघळत शर्टाच्या बाहीत गेला. लालभडक. अण्णा स्तब्ध. त्यांनी दुसरा मणी फोडला, साल काढून टाकली आणि नुसता गर उजेडात धरला.

‘‘गर लाल आहे!’’

आता इथं थोडं थांबून सांगायला हवं. काळ्या द्राक्षाचा गर बहुतेक वेळा पांढराच असतो. कॅबर्ने असो, शिराझ असो, मणी पिळला तर पाण्यासारखा रस येतो. वाइन लाल होते ती साली रसात भिजत ठेवल्यामुळे. साल लगेच काढली तर काळ्या द्राक्षाची पांढरी वाइनसुद्धा होते. ज्यांचा गरच रंगीत, अशी वाणं जगात मोजकी, आणि सापेरावी त्यातलं नामांकित. हे मला ठाऊक होतं असं मी म्हणू शकलो असतो, पण तेवढ्यात अण्णा बोलायला लागले होते.

‘‘आपल्या शरदचा गर पांढरा. जम्बोचा पांढरा. फ्लेमचा पांढरा. असा लाल मी एकदाच बघितला, मांजरीला. तिथं द्राक्ष संशोधन केंद्र आहे ना, त्यांनी ज्यूससाठी काढलंय, मांजरी मेडिका. पुसा नवरंग आणि फ्लेमचा संकर. तुम्ही पुण्याचे ना, साहेब? बघितलं असेल.’’

मी हडपसरला राहतो. मांजरी माझ्या घरापासून रिक्षाच्या अंतरावर आहे. तिथं रेल्वे फाटक लागायचं, हे मला माहीत आहे. बाकी काही माहीत असायचं कारण नव्हतं.

‘‘तुम्ही पुण्याचे ना?’’ पक्यानं मला पुन्हा विचारलं. मित्र असे असतात.

मग सुरू झाली ती मुलाखत. अण्णा मराठीत विचारणार, भाची जॉर्जियनमध्ये, मालक उत्तर देणार, ते पुन्हा मराठीत. छाटणी किती वेळा? एकदा, हिवाळा संपता संपता. अण्णांना हे पटेना. आपल्याकडे दोन. एप्रिलची खरड छाटणी, मग ऑक्टोबरची गोडी छाटणी. मालकांना ते पटेना. वेल झोपतो कधी? ‘‘झोपत नाही,’’ अण्णा म्हणाले. ‘‘आपल्याकडं थंडीच नाही तेवढी. आम्ही त्याला पेस्ट लावून उठवतो.’’ भाचीनं याचं काय भाषांतर केलं देव जाणे, पण मालकांनी छातीवर क्रॉस काढला.

‘‘विचार, केवडा येतो का?’’

भाची अडखळली. ‘‘केवडा म्हणजे?’’

‘‘अगं, बुरशी. पांढरी. अंगावर येते.’’

तिनं गंभीरपणे विचारलं. मालक चपापले. त्यांनी दोन्ही हात पुढे करून उलटेपालटे दाखवले, मग बायकोला हाक मारली. बाई आतून एका मलमाची ट्यूब घेऊन आल्या. सैन्यात असताना एकदा झालं होतं, पण आता कुटुंबात कोणालाही त्वचेचा त्रास नाही, पाहुण्यांनी निश्चिंत असावं, असा त्यांचा निरोप होता. अण्णांनी ट्यूबकडे बघितलं, डोक्याला हात लावला आणि एक पान तोडून त्यावर बोटानं पांढरं फासल्याची खूण केली. तसे मालक एकदम खुलले. ‘‘हां!’’ म्हणाले. आणि मग त्यांनी जो शब्द उच्चारला, तो मला स्पष्ट ऐकू आला.

बोर्डो.

मित्रांनो, हजारो मैल आलेल्या माणसाला असा एखादाच क्षण मिळतो. मी पुढे सरसावलो. म्हणालो, बोर्डो म्हणजे फ्रान्समधली वाइन, कॅबर्ने आणि मर्लोचं मिश्रण. तिथं नदीच्या डाव्या काठाला कॅबर्ने जास्त, उजव्या काठाला मर्लो. सापेरावीशी तुलना करायची झाली तर टॅनिनची ठेवण थोडी जवळची वाटेल, पण आंबटपणा इथं चढा. हातानं मी दोन्ही काठ दाखवत होतो. भाची भाषांतर करेना. मालक माझ्या हातांकडे बघत होते. अण्णांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. फार प्रेमानं ठेवला, तेच मला अजून सलतंय.

‘‘साहेब, ते फवारणीचं म्हणतायत. बोर्डो मिश्रण. मोरचूद आणि चुना.’’

आणि त्या दोघांनी माझ्या डोक्यावरून हातवारे करत प्रमाण पडताळून बघितलं. एक किलो मोरचूद. मालकांचं एक बोट वर. एक किलो चुना. पुन्हा एक बोट. शंभर लिटर पाणी. मालकांनी भाचीकडून आकडा कळल्यावर अण्णांचा हात धरून असा हलवला, की अक्कांचा चिवडा सांडला.

तिथून मी त्या घरात बिनकामाचा झालो. पुतळ्याच्या एका हातातला वाडगा अण्णांना मिळाला होता. मला काय उरलं ते तुम्ही समजून घ्या.

तळघरात फरशीला जागोजागी गोल तोंडं होती. प्रत्येक तोंडाखाली मातीचा एक अवाढव्य रांजण, गळ्यापर्यंत जमिनीत पुरलेला, आतून मधमाश्यांचं मेण लावलेला. याला क्वेव्री म्हणतात. रस, साली, बिया सगळं त्यात घालायचं, दिवसातून अनेकदा लांब दांड्यानं साली खाली दाबायच्या, आंबणं थांबलं की तोंड बंद. जमीनच त्याला थंड ठेवते. क्वेव्रीत वाइन करायच्या या रीतीला युनेस्कोनं २०१३ साली आपल्या वारशाच्या यादीत घेतलं. हे मी सांगणार होतो. पण अण्णा एका मोकळ्या क्वेव्रीच्या तोंडाशी ओणवे झाले होते आणि मोबाइलची बॅटरी आत मारत होते.

‘‘हे तर पेव आहे,’’ ते आतच बोलले, त्यामुळे आवाज घुमला. ‘‘आमच्या आजोबांचं असंच होतं, वाड्यात. ज्वारी असायची. ताई, त्यांना विचार, धुवायला आत माणूस उतरतो का?’’

उतरतो. लहानपणी मालकच उतरायचे. तोंड अरुंद, पोरगंच मावतं.

‘‘मग उतरायच्या आधी दिवा सोडतात का?’’

भाचीनं विचारलं. मालक काही क्षण गप्पच राहिले. मग कोनाड्याकडे गेले आणि सुतळी बांधलेला मेणबत्तीचा डबा घेऊन आले. आधी मेणबत्ती खाली सोडायची. विझली तर आत विषारी हवा साठलेली, उतरायचं नाही. आंबवणीत कार्बन डायऑक्साइड होतो, तो जड, तळाशी बसतो. पेवातही तेच. अण्णा म्हणाले, त्यांच्या आजोबांच्या भावाला पेवात उतरवलं होतं, दिवा न सोडता, घाई होती म्हणून. पुढचं त्यांनी सांगितलं नाही, भाचीनंही विचारलं नाही. मालकांनी डब्यावरची धूळ शर्टानं पुसली आणि तो परत कोनाड्यात ठेवला.

एवढं झाल्यावर जेवण. टेबलावर अक्रोडाचं वाटण भरलेली वांगी, राजम्यासारखं लोबिओ, चीज भरलेली खाचापुरी. म्हणजे अण्णा-अक्कांची उत्तम सोय. आणि शेवटी, शेवटी एकदाची सापेरावी. ग्लासात ओतली तर ग्लासातून पलीकडचं काही दिसेना. मी तिरका करून कागदावर धरला. कागद मिळाला, पण रंग बघायला उजेड पलीकडून यावा लागतो, तो येईना. नाक खुपसलं. काळी जांभळं, ओली माती, थोडा धूर. आता घोट घेणार, तोच मालक उभे राहिले.

जॉर्जियन टेबलावर वाटेल तेव्हा पिता येत नाही. तमादा म्हणून एक जण असतो, तो बोलणार, त्याचं बोलणं संपलं की गाउमार्जोस म्हणायचं आणि मग प्यायचं. मालक बोलायला लागले. देवासाठी. शांततेसाठी. पाहुण्यांसाठी. गेलेल्यांसाठी. एकेक भाषण आपल्याकडच्या सत्कार समारंभाएवढं. माझा हात भरल्या ग्लासासकट हवेत. मी मध्येच एक चोरटा घोट घेतला, तर मालकांच्या सासूबाईंनी माझ्याकडे ज्या नजरेनं बघितलं ती मी आमच्या मावससासूबाईंच्या मेसेजात पुन्हा ओळखली.

मग मालकांनी तमादाचा मान पाहुण्याकडे दिला. माझ्याकडे नव्हे. पाण्याचा ग्लास हातात घेतलेल्या माळकरी माणसाकडे.

अण्णा उठले, जॅकेटची चेन लावली आणि सोसायटीच्या वार्षिक सभेत बोलावं तसे बोलले. ‘‘व्यासपीठावरील सन्माननीय यजमान, माता-भगिनी आणि माझ्या शेतकरी बांधवांनो.’’ शेतकरी बांधव तिथं एकच होता. मग त्यांनी सांगितलं ते विनोदी नव्हतं, म्हणून मी थोडक्यात सांगतो. ज्या काळात नाशिकला वाइनची हवा होती, तेव्हा त्यांनी दोन एकरांवर शिराझ लावली होती. करार होता, दर ठरलेला होता. २००८ नंतर बाजार बसला आणि २००९ ला वायनरीनं माल उचलला नाही. वायनरीचं नाव त्यांनी सांगितलं, मी लिहीत नाही. खायचं द्राक्ष असतं तर मार्केटला तरी गेलं असतं. वाइनचं द्राक्ष बारीक, बियांचं. त्याला बाजारात कुत्रं विचारत नाही. घड वेलीवर वाळले. पाखरांनी खाल्ले. मग जेसीबी आणला. पुढच्याच वर्षी, २०१० साली, युरोपनं लिहोसीन या वेलीची वाढ रोखणाऱ्या औषधाचे अंश सापडले म्हणून आपले द्राक्षाचे कंटेनर अडवले, त्यात उरलेलं गेलं. ‘‘व्यापारी पळाला तर आपण त्याला शोधतो. सरकार पळालं तर कुठं शोधायचं?’’

भाची आता अडखळत नव्हती. मालक उभेच होते. त्यांनी सांगितलं, १९८५ मध्ये गोर्बाचेव्हनं दारूविरोधी मोहीम काढली, तेव्हा मॉस्कोहून हुकूम आला आणि वडिलांच्या डोळ्यांदेखत बाग उपटली. २००६ मध्ये रशियानं जॉर्जियाची वाइन घ्यायचीच बंद केली. सगळा माल तिकडेच जायचा. सात वर्षं तो बाजार बंद होता. घरी रांजण भरलेले आणि खिसा रिकामा. दोघं टेबलाच्या दोन टोकांना उभे राहून एकमेकांना साल सांगत होते. १९८५. २००९. २००६. २०१०. त्यांना आता भाषांतर लागत नव्हतं. मध्ये मी ग्लास धरून बसलो होतो, आणि सांगायला लाज वाटते, पण माझ्या मनात एवढंच होतं की हे दोघं खाली कधी बसणार आणि आम्हाला कधी पिऊ देणार.

गाउमार्जोस झाला. सगळ्यांनी एका दमात ग्लास रिकामा केला. मीही केला. त्यामुळे आठ हजार वर्षांच्या परंपरेतल्या एका अस्सल वाणाविषयी माझ्या वहीत त्या दिवशी लिहिलेलं वाक्य असं आहे : ‘आंबट. दाट. चढते.’ पहिले दोन शब्द माझे, तिसरा पक्याच्या अक्षरात. सुध्या म्हणाला, स्मूद आहे. ती अजिबात स्मूद नव्हती. हिरड्यांना सुपारी लागावी तशी ती लागत होती, पण सुध्याशी कोण वाद घालणार. त्यानंतर दारात तो फोटो निघाला.

निघताना मालकांनी एक बंद केलेला रांजण उघडल्यासारखा समारंभ करून आतल्या खोलीतून एक बाटली आणली. लेबल नाही, लाखेनं बंद केलेली, पुरती लिटरभर. मुलाच्या जन्माच्या वर्षाची सापेरावी. विकायची नसते. ती त्यांनी अण्णांना दिली. मी दोन बाटल्या विकत घेतल्या, मुकुझानी नावाच्या वाइनच्या, तेही ओकच्या पिंपात मुरलेली बघून, नीट चौकशी करून. मालकांनी पैसे मोजून घेतले आणि पिशवी मागितली तर तिचे वेगळे घेतले.

तिबिलिसी विमानतळावर अण्णा माझ्याजवळ आले. ‘‘साहेब, माळ घातलेल्या माणसाच्या बॅगेत दारू बरी दिसत नाही. तेवढी तुमच्यात टाका.’’ भारतात येताना माणशी दोन लिटर आणता येते. माझ्या दोन बाटल्या म्हणजे दीड लिटर. त्यात ही एक लिटरची. पक्या आणि सुध्या यांनी आपापला कोटा आधीच भरला होता आणि ते एकदम दुकानातल्या चॉकलेटांत रस घ्यायला लागले होते. अक्का सामानाच्या गाडीवर बसून माझ्याकडे बघत होत्या, त्यांच्या हातात माझ्यासाठी काढलेला चिवडा. एवढं झाल्यावर नाही म्हणायला माझ्याकडे कुठला कायदा होता? माझी एक मुकुझानी मी बसच्या ड्रायव्हरला दिली. तो बिअर पितो, हे त्यानं मला घेता घेता सांगितलं.

अण्णांची बाटली मी मांडीवर घेऊन मुंबईपर्यंत आणली असं म्हटलं तरी चालेल. माझ्या दोन स्वेटरांत गुंडाळून, मध्ये माझी पायजम्याची जोडी घालून. बाहेर आल्यावर ती त्यांच्या जावयानं घेतली. गोरेगावला असतो. चांगला मुलगा आहे.

काल रात्री अण्णांचा व्हिडिओ आला. जावयाच्या घरी जेवणं चालली आहेत. लाख फोडलेली बाटली टेबलावर उभी आहे आणि जावई स्टीलच्या पेल्यात बर्फ टाकून त्यावर ती काळीभोर सापेरावी ओततोय. मग हात लांब करून लिंबाच्या सरबताची बाटली घेतो. त्याखाली अण्णांचा निरोप आहे : ‘जावईबापू म्हणतात, आंबट आहे पण साखर घातल्यावर बरी लागते. अर्धी उरली आहे. फ्रिजमध्ये किती दिवस टिकेल? तुम्हाला त्यातलं कळतं म्हणून विचारतो.’

मी अजून उत्तर दिलेलं नाही. मेसेज वाचल्याच्या दोन निळ्या खुणा त्यांना दिसत असतील. दिसू देत.